रात्री गाडीत झोपलं तर गुन्हा होतो का? ढाणकीच्या ड्रायव्हर मंडळींचा प्रश्न आणि कायद्याचं उत्तर

रात्रीचे दोन वाजलेले. नांदेडला एका दवाखान्याबाहेर पिकअप उभी आहे. आत बाप-लेक अंगावर चादर ओढून पडलेत. आई वर वॉर्डात अ‍ॅडमिट, तिच्याजवळ एकालाच थांबू देतात, तिथं मावशी थांबली आहे. लॉजचं भाडं झेपत नाही आणि सकाळी डॉक्टर कधी बोलावतील याचा नेम नाही. तेवढ्यात काचेवर काठीची टकटक होते. "कोण आहे रे? इथं झोपायला बंदी आहे. चल ठाण्यात."

ढाणकी आणि आसपासच्या कितीतरी घरांना हा प्रसंग नवा नाही. दवाखान्याचं सोडा, कापसाच्या हंगामात जिनिंगपुढे नंबर लावून शेतकरी गाडीतच रात्र काढतो. उसाच्या ट्रकवाल्याची रात्र कारखान्याच्या रांगेत जाते. हैदराबाद, नागपूरला माल घेऊन जाणारी आपली पोरं केबिनमध्येच झोपतात. सैलानीला किंवा ताजबागला जाणारी कुटुंबं लेकराबाळांसह क्रूझरमध्ये मुक्काम करतात. आणि या सगळ्यांच्या मनात एकच शंका असते: आपण काही चूक तर करत नाही ना? पोलीस उचलून नेतील का? नाव विचारल्यावर बोलण्याचा सूर बदलेल का? ही शेवटची शंका कोणी मोठ्याने बोलत नाही, पण असते. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडावा असं आम्हाला वाटलं.

आधी थेट उत्तर. उभ्या गाडीत झोपणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता, या तिन्हींत 'गाडीत झोपला म्हणून शिक्षा' असं कलम नाही. कायदा झोपेकडे बघत नाही, गाडी कुठं आणि कशी उभी आहे याकडे बघतो. आणि रात्रीची वेळ असेल तर आत कोण आहे, इथं का आहे, हे विचारतो. आपल्या अडचणी याच दोन ठिकाणी सुरू होतात.

गाडी कुठं उभी आहे?

मोटार वाहन अधिनियमाचं कलम १२२ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी अशा ठिकाणी किंवा अशा अवस्थेत उभी ठेवू नये, ज्यामुळे दुसऱ्याला धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल. इथं 'सार्वजनिक जागा' म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते, एसटी थांबतो तो थांबासुद्धा. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत तर जागांची यादीच आहे. वळणावर, पुलावर, फूटपाथवर, चौकाजवळ, बस थांब्यापाशी, शाळा-दवाखान्याच्या फाटकासमोर गाडी लावायची नाही.

म्हणजे दवाखान्याबाहेरच्या त्या बाप-लेकाचं चुकलं असेल तर ते झोपले म्हणून नाही. गाडी अ‍ॅम्ब्युलन्सच्या वाटेत लावली असेल, तर मात्र चुकलं. तीच गाडी शंभर पावलं पुढं, मोकळ्या जागी, 'नो पार्किंग'चा फलक नसलेल्या ठिकाणी असती तर दंडाला कारणच नव्हतं.

दंड किती? २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण नियमभंगाला कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत. वाहतूक तुंबवली तर कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत वेगळा. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केला तर न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेत हाच दंड २०० रुपये होता, म्हणून जुनी ड्रायव्हर मंडळी अजून त्याला हलक्यात घेतात. आता घेऊ नये. एक लक्षात ठेवा: या सगळ्या रकमा पावतीच्या आहेत. ई-चलान नाही, पावती नाही आणि 'शंभर दे, झोप' असं कोणी म्हणत असेल, तर तो दंड नव्हे.

गाडी उचलून नेण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. कलम १२७ प्रमाणे दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडलेली, किंवा पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी हलवायचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. टोइंगचा खर्च मालकाच्या डोक्यावर. तुम्ही आत असाल तर गाडी 'बेवारस' ठरत नाही, म्हणून दहा तासांचा मुद्दा निकालात निघतो. पण मनाईची जागा असेल तर आत माणूस आहे म्हणून सूट मिळते असंही नाही. तुम्हाला उठवतील आणि गाडी काढायला लावतील, इतकंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला आई आणि तान्हं बाळ आत असताना कार टो करून ओढत नेल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला होता. पुढे दुसरा व्हिडिओ आला आणि नेमकं काय घडलं यावर वादही झाला, पण संबंधित वाहतूक पोलिसाला निलंबित करण्यात आलं होतं. आत माणूस असताना गाडी ओढणं धोक्याचं आहे, हे त्या प्रकरणाने सगळ्यांना कळलं.

खासगी जागेचं गणित सोपं आहे. पेट्रोल पंप, ढाबा, जिनिंगचं आवार, मंगल कार्यालय, मशिदीचं किंवा दर्ग्याचं अंगण, इथं मालकाची किंवा कमिटीची परवानगी असली की झालं. तोंडी चालते. त्यांनी 'निघा' म्हटलं की निघावं, तिथं हुज्जत घालू नये. आपल्या भागात पैनगंगा अभयारण्य जवळ आहे, म्हणून एक वेगळी सूचना. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यातल्या सार्वजनिक रस्त्याने जाता येतं, पण बाजूला गाडी घालून रात्र काढायला परवाना लागतो. बंदी भागातून किनवटकडे जाणाऱ्यांनी झोप आली तर गाव गाठावं. जंगलात गाडी लावू नये. अस्वलाचा धोका आहेच, वनरक्षकाचा जाब वेगळा.

'चल ठाण्यात' म्हटलं तर

आता मुद्द्याचं. योगायोग बघा, महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही एक कलम १२२ आहे. वाहन कायद्यातलं १२२ गाडीचं, पोलीस कायद्यातलं १२२ माणसाचं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यावर ते लागतं. रात्रीच्या गस्तीत पोलीस तोंडी सांगतात ते बहुतेक वेळा हेच.

पण हे कलम वाचलं तर त्यात 'रात्री गाडीत झोपलेला माणूस' कुठंच नाही. गुन्ह्याच्या इराद्याने हत्यार बाळगणारा आहे. गुन्ह्याच्या इराद्याने तोंड झाकणारा किंवा वेश बदलणारा आहे. दुसऱ्याच्या घरात, इमारतीत किंवा बोटीत सापडलेला आणि समाधानकारक कारण देऊ न शकणारा आहे. रस्त्यात किंवा आवारात पडून असलेला, घुटमळणारा माणूसही आहे, पण त्यासाठी तो नामचीन चोर असावा लागतो आणि त्याला आपला ठावठिकाणा नीट सांगता येऊ नये, अशा दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. घरफोडीची हत्यारं कायदेशीर कारणाशिवाय बाळगणाराही आहे. गाडीत टॉमी, पान्हे, जॅक असतातच. ते ड्रायव्हरचं हत्यार नव्हे, अवजार आहे, आणि पंक्चर काढायला लागतं हे कायदेशीर कारण आहे. मात्र सीटखाली कोयता ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा. 'सेफ्टीसाठी ठेवला' हे उत्तर ठाण्यात चालत नाही.

म्हणून काचेवर टकटक झाली की काय करायचं ते सांगतो. आतला दिवा लावा. हात दिसू द्या. काच अर्धी खाली करून सलाम-नमस्कार करा आणि सरळ सांगा, कुठून आलो, कुठं चाललो, इथं का थांबलो. दवाखान्याचा केस पेपर, जिनिंगची पावती, मालाचं बिल, जे असेल ते दाखवा. गाडीत रात्र काढणाऱ्याकडे कागदाचा एक तुकडा असला की निम्मा प्रश्न तिथंच मिटतो. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स मागायचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आहे. मोबाईलमध्ये डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर असलेली कागदपत्रं चालतात. गाडी हलवायला सांगितली तर आधी हलवा, बोलायचं ते नंतर. पोलिसाचा कायदेशीर आदेश मानायला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७२ आपल्याला बांधतं. विरोध केला तर त्याच कलमाखाली पकडून नेता येतं. पुष्कळ वेळा प्रकरण झोपेवरून सुरू होतं आणि तोंडाळपणावरून वाढतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आणि एवढं करूनही नेलंच तर? विचारपूस आणि अटक या वेगळ्या गोष्टी आहेत. अटक केली तर कारण सांगावं लागतं, हा राज्यघटनेच्या कलम २२ मधला हक्क आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ मध्येही तो आहे. घरच्याला किंवा मित्राला कळवणं कलम ४८ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. बायकांच्या बाबतीत आणखी कडक नियम आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करायची नाही. अगदी अपवादात्मक वेळ आली तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. दर्ग्याहून परतणाऱ्या, गाडीत आई-बहिणी असलेल्या कुटुंबाने हे नक्की माहीत ठेवावं. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर मोफत आहे.

दारूबद्दल एक वाक्य, कारण प्रश्न आला होता. कलम १८५ गाडी 'चालवणाऱ्याला किंवा चालवायचा प्रयत्न करणाऱ्याला' लागतं. इंजिन बंद करून मागच्या सीटवर झोपलेल्याला ते लागत नाही. पण राज्याचा दारूबंदी कायदा वेगळा आहे, सार्वजनिक जागी झिंगून धिंगाणा घातला तर त्याची कलमं आहेतच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'नुसती चावी खिशात असली तरी गुन्हा' असे व्हिडिओ फिरतात, ते इंग्लंडसारख्या देशांतले असतात. तिकडे गाडी 'ताब्यात' असणं पुरतं. तसंच अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात गाडीत राहायला बंदी घालणारा जुना नियम होता. तो इतका मोघम आहे की नेमकं काय केलं म्हणजे गुन्हा होतो तेच कळत नाही, असं म्हणत तिथल्या संघीय अपील न्यायालयाने २०१४ मध्ये तो रद्द केला. आपल्याकडे असा नियमच नाही, तरी लोक घाबरतात.

पोलीस नसलेले पोलीस

खाकी वर्दीपेक्षा जास्त भीती कशाची वाटते, हे रात्री माल वाहणाऱ्या कोणालाही विचारा. पाच-सात पोरं बाईकवर येतात, गाडीला घेरतात, 'काय भरलंय? नाव काय? उतर खाली' म्हणतात. कायद्याने असा अधिकार कोणालाच नाही. कागद मागायचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आणि परिवहन खात्याच्या अधिकाऱ्याला. गावच्या पुढाऱ्याला नाही, संघटनेच्या कार्यकर्त्याला नाही, कोणत्याही रंगाचा गमछा घातलेल्याला नाही.

आणि हा धोका फक्त एका समाजाला आहे असं समजू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते भिक्षा मागणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरमध्ये गडचिंचले इथं गाडी अडवून दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारला गेला. तिथंही चोर आल्याची अफवा होती. अनोळखी गाडी, रात्रीची वेळ, अफवा आणि जमाव, एवढं जुळलं की आत कोण आहे हे कोणी बघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळीविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायचा आदेश दिला. न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर जन्मठेप किंवा फाशी आहे.

पण शिक्षा नंतर होते, आपल्याला रात्र काढायची असते. म्हणून अनोळखी गावाच्या वेशीवर, आडवाटेला गाडी लावू नका. उजेड आणि कॅमेरा असलेला पेट्रोल पंप बघा, किंवा पोलीस ठाण्याजवळची जागा. गावात थांबायचंच असेल तर सरपंचाला, पोलीस पाटलाला किंवा एखाद्या दुकानदाराला सांगून ठेवा की सकाळपर्यंत इथं आहोत. घेराव पडलाच तर काच खाली करू नका. दिवे लावा, हॉर्न दाबून धरा आणि ११२ ला फोन करा. घरी लाइव्ह लोकेशन आधीच पाठवलेलं असू द्या.

कायद्यात बसलं, तरी जीव?

एक गोष्ट सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ नाशिकचे भाविक सैलानी बाबांच्या दर्ग्यावरून परतत होते. त्यांची मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. तो ट्रक तपासणीसाठी महामार्गावरच थांबवला होता, असा आरोप झाला आणि परिवहन खात्याच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. ट्रक कोणी थांबवला यावर कोर्ट निर्णय देईल. आमचा मुद्दा साधा आहे: वेगाच्या रस्त्यावर उभी गाडी ही भिंत असते. समृद्धीवर तर रस्त्यात थांबायला मनाईच आहे. डुलकी आली तर पुढच्या इंटरचेंजने बाहेर पडा किंवा ठरलेल्या थांब्यावर जा. उमरखेडवरून जाणाऱ्या नांदेड-यवतमाळ महामार्गावरही रस्त्याकडेच्या पट्टीवर झोपू नका. गाडी बंद पडली तर मागे त्रिकोण ठेवा, पार्किंग लाइट चालू ठेवा, स्वतः गाडीबाहेर लांब उभे राहा आणि १०३३ ला कळवा.

उभ्या गाडीला अपघात झाला तर भरपाई मिळते का, हाही प्रश्न असतो. मिळू शकते. पुणे-बंगळूर महामार्गावर कलंडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट होऊन माणसं दगावली होती. त्या प्रकरणात, शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे, सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की 'वाहनाचा वापर' म्हणजे फक्त चालतं वाहन नव्हे, उभं वाहनही त्यात येतं. पण गाडी अंधारात, दिव्याविना, रस्त्यात लावली असेल तर तुमचीही चूक धरून रक्कम कापली जाते.

दुसरा धोका आवाज न करता येतो. एसी किंवा हीटर चालू ठेवायला इंजिन सुरू ठेवून झोपतात. कलम १२६ नुसार ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे, म्हणजे मागे झोपून इंजिन चालू ठेवणं नियमातही बसत नाही. खरी भीती मात्र कार्बन मोनॉक्साइडची. या वायूला ना वास, ना रंग. सायलेन्सर फुटका असेल, मागे भिंत असेल किंवा शेड बंद असेल, तर धूर आत शिरतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले. जनरेटरचा वायू आत शिरला होता. थंडीत केबिनमध्ये शेगडी पेटवणं हाही तोच प्रकार. इंजिन बंद, दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं उघड्या, डासांसाठी जाळी. आणि उन्हात उभ्या बंद गाडीत लेकरांना झोपवून कोणी 'पाच मिनिटांत आलो' म्हणत जाऊ नये.

मुक्कामाची सोय कोणाची जबाबदारी?

एसटीची मुक्कामी गाडी आपण लहानपणापासून पाहतो. रात्री शेवटची फेरी करून गाडी गावात थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच अंथरूण टाकतात आणि सकाळी पहिल्या फेरीला तीच गाडी घेऊन जातात. त्यांना कधी कोणी चोर म्हणालं नाही, उलट गाव त्यांना चहा पाजतं. तेच काम खासगी टेम्पोवाला करतो तेव्हा मात्र तो संशयित होतो.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमात कलम ९ होतं. कामगारांना जिथं रात्री थांबावं लागतं, तिथं मालकाने विश्रांतीगृह किंवा दुसरी योग्य सोय करायची. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो कायदा लागू होता. कामाची मर्यादा दिवसाला आठ तास होती. हा कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला. साठ वर्षं कागदावर असलेली ती सोय आपल्या भागातल्या किती ड्रायव्हरांनी डोळ्यांनी पाहिली? आम्ही विचारलं तेव्हा बहुतेकांना असं कलम असतं हेच ठाऊक नव्हतं.

ढाणकीपुरतं बोलायचं तर एक काम होण्यासारखं आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११७ खाली राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून, गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवून देऊ शकते. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी शेतकरी, ड्रायव्हर आणि व्यापाऱ्यांनी मिळून एक निवेदन तयार करावं. रात्रमुक्कामासाठी एक मोकळी जागा, दोन दिवे, पाण्याचा नळ आणि शौचालय, एवढीच मागणी. एक प्रत नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना, एक तहसीलदारांना आणि एक बिटरगाव पोलीस ठाण्याला. प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी, शिक्का आणि तारखेसह.